लेखणीची मजुरी

नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर साकोली मागें टाकली म्हणजे पुढें कोहमारा नांवाचा फाटा लागतो. येथून एक रस्ता उत्तरेस गोरेगांवावरून गोंदियाकडे जातो आणि दुसरा दक्षिणेस नवेगांवबांधाच्या तलावाकडे वळतो. शेजारच्या तालुक्याच्या गांवाचें नांवच सडक अर्जुनी. गांवाच्या नांवांत सडक येऊन बसावी असा हा मुलूख. या फाट्यावर एस. टी.ची वाट पाहात असतां एका विद्यार्थ्यानें, आम्ही मासिकांत लिहितों असें कळल्यावरून, आम्हांस विचारलें, "सर, घरीं बसून फोनवर लेख लिहिले तर पैसे मिळतात म्हणतात. खरं आहे का जी?" त्यास आम्हीं जें उत्तर दिलें तें अर्धेंच राहिलें. तें पुरें करावें म्हणून हा लेख.

पैसे मिळतात, हें उत्तर सोपें आहे आणि खोटेंही नाहीं. परंतु ते कोणाच्या खिशांतून येतात हें विचारल्याशिवाय त्या उत्तरास अर्थ येत नाहीं. मराठींत गेल्या दोनशें वर्षांत लेखकाच्या हातीं जे पैसे पडले ते थेट वाचकाकडून असे फार क्वचित् पडले. मध्यें कोणी तरी तिसरा उभा राहिला. त्यानें आपल्या कारणासाठीं थैली सोडली, आणि ज्याची थैली त्याची मर्जी लेखणीनें थोडीबहुत राखली. हा तिसरा मनुष्य दर पिढीस निराळा असतो, इतकेंच.

आरंभ दक्षिणेपासून करावा लागतो. तळेगांवच्या दाभाड्यांनीं विद्वान् ब्राह्मणांना श्रावणांत दक्षिणा देण्याचा प्रघात घातला. तो पुढें पेशव्यांनीं उचलला व उत्तर पेशवाईंत पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दक्षिणावांटपाचा मोठा सोहळा होऊं लागला. १८१८ सालीं राज्य गेलें, तरी दक्षिणा एकदम गेली नाहीं. ब्राह्मणवर्ग दुखावूं नये म्हणून कंपनी सरकारनें ती हात आंखडून चालूं ठेविली, आणि तिच्याच पैशांतून १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. ही दक्षिणा पाठांतराची होती, लेखनाची नव्हे. १८४९ सालीं पुण्यांतील कांहीं सुधारकांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, या रकमेचा एक भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. दक्षिणा घेणारांची पोळी त्यांतून कमी होणार होती. शहरांत इतकी खळबळ उडाली कीं, अर्जदारांच्या रक्षणासाठीं जोतीराव फुल्यांना माणसें उभीं करावीं लागलीं. ग्रंथलेखनाच्या मोबदल्यावरून मराठी मुलखांत मारामारीची वेळ आली ती एवढी एकदांच असावी.

१८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि शाळाखात्याच्या पगारी पंडितांबाहेरच्या मनुष्यासही ग्रंथ लिहून सरकारी पैसे मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु थैलीबरोबर थैलीवाल्याची आवडनिवडही आली. ज्या फुल्यांनीं १८४९ सालीं या सुधारणेची पाठराखण केली, त्यांनींच १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून कमिटीकडे पाठविलें, तेव्हां तें नाकारलें गेलें. कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळें असें झालें, हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. अडाणी कुणबी जोडप्यास जोशी कसा नागवितो, हें त्या नाटकाचें कथानक. कमिटीनें कांहीं वाईट अनुवादांस बक्षिसें दिलीं, हें आम्ही तिला सहज माफ करूं. हें एक नाटक परत केलें, हें माफ करणें अवघड आहे. तें छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडलें.

यानंतरच्या पन्नास वर्षांतील नांवाजलेले लेखक घेतले, तर त्यांतील बहुतेकांची चूल दुसरीकडे पेटत होती. लोकहितवादींनीं 'प्रभाकर' पत्रांत १८४८ ते १८५० या काळांत शंभरांहून अधिक पत्रें लिहिलीं. ते सरकारी नोकर होते. केशवसुत शाळामास्तर होते. हरि नारायण आपटे यांचें नांव मराठी कादंबरींत पहिल्या मानाचें, परंतु त्यांच्या नेमल्या कामाची जागा पुण्याच्या आनंदाश्रमांत, व्यवस्थापकाच्या खुर्चीवर होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं मात्र नोकरी सोडून दाखविली. 'निबंधमाला' त्यांनीं १८७४ सालीं सुरू केली तेव्हां ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. १८७९ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानानें सांगतों आणि ती तशी आहेही. परंतु पुढचें पान कोणी सहसा उलगडीत नाहीं. राजीनामा देऊन शास्त्रीबोवा केवळ निबंधकार होऊन राहिले नाहींत; शाळा, छापखाना, चित्रशाळा, पुस्तकांचें दुकान, वर्तमानपत्रें, इतक्या खटपटींत त्यांस दोन वर्षांच्या आंत हात घालावा लागला. सात वर्षांत चौऱ्यायशीं अंक एकहातीं लिहिणाऱ्या मनुष्यालाही नुसती लेखणी पुरी पडली नाहीं. १८८२ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते गेले.

याच सुमारास टपालखात्यानें एक गोष्ट केली, तिचा उल्लेख वाङ्मयाच्या इतिहासांत बहुधा आढळत नाहीं. १८७७ सालीं व्ही. पी.ची सोय झाली आणि १८८० सालीं मनिऑर्डर पोष्टांत आली. त्यापूर्वीं दूरच्या वर्गणीदाराकडून दीड-दोन रुपये वसूल करणें म्हणजे मासिकाच्या चालकास दिवाळखोरीचाच रस्ता होता. आतां आडगांवचा वर्गणीदार अंक हातीं घेऊन पोष्टमनच्या हातांत पैसे ठेवूं लागला, आणि उलट दिशेनें लेखकाच्या दारींही मनिऑर्डर येऊं शकली. कित्येक घरांतून त्या मनिऑर्डरीचें कुपन, त्यावरील संपादकाच्या दोन ओळींसह, वर्षानुवर्षें जपून ठेविलेलें आम्हीं पाहिलें आहे. पैसे खर्चून गेलेले असत, कुपन राही.

परंतु वर्गणी वेळेवर येऊं लागली तरी ती पुरत नव्हती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं 'मनोरंजन' काढलें आणि १९०९ सालीं त्याचा दिवाळी अंक काढला. मराठींतील दिवाळी अंकांची परंपरा तेथून धरतात. ही परंपरा टिकली याचें श्रेय वाचकांच्या रसिकतेइतकेंच जाहिरातदारांच्या पाकिटास आहे. साबणवाला व पेढीवाला पान विकत घेतो, आणि त्या पैशांतून कथेचें व लेखाचें मानधन निघतें. लेखकांनीं याची लाज कधीं मानिली नाहीं. मानण्याचें कारणही नव्हतें. कारण पानांत काय लिहावें हें ठरविणारा संपादक आणि पान विकणारा व्यवस्थापक यांच्या टेबलांमध्यें तेव्हां थोडें तरी अंतर असे. नाटककाराची गोष्ट निराळी. त्याची मजुरी तिकिटांतून, म्हणजे प्रेक्षकाच्या मुठींतून निघते. कोहमाऱ्याच्या आसपासच्या या झाडीपट्टींत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत आजही रात्रभर नाटकें चालतात, वडशास नाटकमंडळ्यांचें ठाणें आहे, आणि तेथील नाटककार कोणत्याही कमिटीच्या तोंडाकडे पाहात नाहीं. परंतु तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

निबंध लिहिणारास असा प्रेक्षक नाहीं. याच फाट्यावरून दक्षिणेस गेलें कीं थोड्याच अंतरावर नवेगांवबांध आहे. मारुती चितमपल्ली तेथें वनाधिकारी होते. तेथील तलाव, पक्षी व जुने जाणते लोक यांच्या सहवासांत त्यांचें पुष्कळसें लेखन रुजलें. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवा चांदण' हीं पुस्तकें मराठी घरांतून आवडीनें वाचलीं जातात. २००६ सालीं सोलापुरास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२५ सालीं, ज्या वर्षीं ते निवर्तले, त्याच वर्षीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. पण ते रानांत हिंडले ते वनखात्याच्या पगारावर. हा पगार नसता तर तीं पुस्तकें कोठून येतीं, याचा विचार आम्हांस पुष्कळदां अस्वस्थ करितो. खात्यानें त्यांस झाडें व जनावरें सांभाळण्यासाठीं ठेविलें होतें. शब्द हें त्या नोकरीचें वरकड उत्पन्न.

वाचकाच्याच पैशांतून लेख लिहिणारांस महिनेमहाल वेतन द्यावें, असा एक मोठा प्रयोग मात्र मराठींत झाला, आणि तो याच रस्त्याच्या एका टोकास जन्मलेल्या मनुष्यानें दुसऱ्या टोकास सुरू केला. श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ सालीं रायपुरास जन्मले, अमरावतीस व मुंबईस शिकले, आणि अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट १९११ सालीं मिळवून परत आले. हिंदुस्थानांतील जातिभेदाच्या इतिहासावर त्यांनीं तेथें इंग्रजींत ग्रंथ लिहिला होता. असा मनुष्य एखाद्या विद्यापीठांत सुखानें निवृत्तिवेतनापर्यंत पोहोंचला असता. परंतु त्यांच्या मनानें घेतलें कीं, इंग्रजांस जसा ब्रिटानिका तसा महाराष्ट्रास ज्ञानकोश पाहिजे. आणि तो कोणा संस्थानिकाच्या आश्रयानें नव्हे, तर व्यापारी पद्धतीनें झाला पाहिजे. १९१६ च्या सुमारास नागपुरास ज्ञानकोशमंडळ नांवाची लिमिटेड कंपनी उभी राहिली. भाग विकावयाचे, वर्गणीदार आगाऊ जमवावयाचे, आणि त्या पैशांतून लेखकवर्ग पगारावर ठेवून कोश पुरा करावयाचा, असा तो बेत होता.

आज ही कल्पना साधी वाटते. त्या काळीं विद्वान् मनुष्यानें गांवोगांव फिरून वर्गण्या मागाव्या व भागांची विक्री करावी हेंच अनेकांस हास्यास्पद वाटे. विद्या आणि हुंडी यांचा असा उघड संसार मराठी मनास पटत नसे. विद्येनें दक्षिणा घ्यावी, नफा घेऊं नये, ही समजूत मुरलेली. केतकरांनीं ती समजूत बाजूस सारली. पुढें कचेरी पुण्यास आली, स्वतःचा छापखाना झाला, आणि तेथें लेख लिहिणें हें इतर कामांसारखें एक काम झालें. ठरल्या वेळीं यावें, वांटून दिलेल्या अक्षरांखालचे विषय घ्यावे, पुस्तकें धुंडाळावीं, मजकूर तयार करावा, आणि महिना भरला कीं वेतन न्यावें. प्रतिभेची वाट पाहण्यास तेथें सवड नव्हती.

इंग्रजींत हें पूर्वींच घडून गेलें होतें. डॉक्टर जॉन्सननें आपल्या शब्दकोशासाठीं १७४६ सालीं पुस्तकविक्रेत्यांशीं पंधराशें गिनींचा करार केला, आणि त्यांतूनच त्यास आपल्या लेखनिकांचा पगार भागवावा लागला. कोश निघाला तो १७५५ सालीं. परंतु त्याच्यामागें विक्रेत्यांचा एक गट होता व त्यांच्यापुढें मोठी बाजारपेठ होती. केतकरांपुढें काय होतें? साक्षरांचें प्रमाण अगदींच थोडें असलेला प्रांत, आणि त्यांतही पुस्तक उसनें नेऊन वाचण्याची संवय.

असें असतां १९२० पासून १९२९ पर्यंत तेवीस खंड बाहेर पडले. पहिले पांच प्रस्तावनाखंड, नंतर अकारविल्हे मजकुराचे सोळा, एक सूचीचा व एक हिंदुस्थानाविषयींचा. सर्व लेख सारख्या योग्यतेचे आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. तज्ज्ञांच्या हातच्या लेखांबरोबर इंग्रजी ग्रंथांवरून घाईनें उतरलेले लेखही त्यांत आहेत, आणि सराईत वाचकास ते ओळखूं येतात. मजुरीच्या लेखनास हा दोष चिकटतोच. परंतु तुलनेसाठीं दुसरें एक उदाहरण घ्यावें. सरकारी खर्चानें वाई येथें तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला व विसावा २०१५ सालीं. त्यांतील लेख अधिक नेटके आहेत, यांत शंका नाहीं; पण एकोणचाळीस वर्षें लागलीं. तिजोरीचा धनी थांबावयास तयार असतो. आगाऊ पैसे भरून बसलेला वर्गणीदार थांबत नाहीं.

पगारी मंडळींचें काय झालें हेंही सांगितलें पाहिजे. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे ज्ञानकोशाच्या कचेरींत तयार झालेले. पुढें त्यांच्या संपादकत्वाखालीं 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या सालांत प्रसिद्ध झाले. आज शब्दाचा अर्थ अडला म्हणजे आपण ज्या कोशाकडे धांव घेतों तो असा मजुरीच्या शाळेंतून आलेला आहे. आणि मालकाचें काय झालें? केतकरांनीं १९२७ सालीं 'माझें बारा वर्षांचें काम' या नांवानें मंडळाचा इतिहास लिहिला. १९३१ सालीं हैदराबादेच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. कादंबऱ्याही त्यांनीं लिहिल्या. त्यांतील एकीचें नांव 'गोंडवनांतील प्रियंवदा' असें आहे, हें या मुलखांतील वाचकांस कळावें म्हणून सांगतों. गुजराती ज्ञानकोशाचा उद्योग तडीस गेला नाहीं, अखेरचीं वर्षें पैशाच्या विवंचनेंत गेलीं, आणि १९३७ सालीं ते वारले. ज्यानें दुसऱ्यांच्या लेखणीस नियमित वेतन दिलें, त्याच्या लेखणीस तें शेवटपर्यंत मिळालें नाहीं.

आतां फोनवरच्या लेखनाकडे येऊं. येथें तिसरा मनुष्य दिसतच नाहीं, म्हणून नवशिक्यास वाटतें कीं तो नाहींच. इंटरनेटवर लेख फुकट वाचावयास मिळतो. लेखाच्या कडेस जाहिरात असते. ती कोणती असावी हें एक यंत्र क्षणार्धांत लिलाव करून ठरवितें, आणि त्या लिलावांतील कांहीं वांटा लेखाच्या मालकास मिळतो. गूगलनें ही व्यवस्था २००३ सालीं सुरू केली. परंतु या लिलावांत कोणत्या भाषेस बसूं द्यावें हें कंपनी ठरविते. हिंदीस तेथें जागा मिळाली ती २०१४ च्या अखेरीस, आणि मराठीस त्याच्याही मागाहून. तोंपर्यंत एखाद्यानें मराठींत कितीही उत्तम लेख लिहिला व तो लाखों लोकांनीं वाचला, तरी या मार्गानें त्यास दमडी मिळावयाची नाहीं. भाषा यादींत नव्हती एवढेंच कारण. त्याच्याही आधीं आणखी एक अडचण होती. युनिकोडचा प्रसार होईपर्यंत जो तो आपापल्या टंकांत मराठी लिही, आणि तें शोधयंत्रास अक्षर म्हणून वाचतांच येत नसे. लेख असूनही नसल्यासारखा.

आज यादींत नांव आहे, टंक सर्वांचा एक आहे, आणि मनिऑर्डरीच्या जागीं २०१६ पासून यू. पी. आय. आलें आहे, पैसे पोंचावयास पोष्टमनची वाट पाहावी लागत नाहीं. कथा-कादंबऱ्यांसाठीं 'प्रतिलिपि'सारख्या, २०१४ सालीं निघालेल्या कंपन्या वाचकाकडूनच वर्गणी घेऊन लेखकास वांटा देतात. केतकरांच्या कल्पनेशीं नातें सांगणारा हा एक प्रकार आहे. परंतु साधा माहितीपर लेख लिहिणारा बहुधा दुसऱ्याच्याच कामावर असतो. शब्दांवर दर ठरतो, लेखावर नांव येत नाहीं, लेख दिला कीं त्यावरचा हक्क संपतो. १९५७ च्या कायद्यानें लेखकास स्वामित्व दिलें आहे, पण तें लिहून देण्याचें स्वातंत्र्यही दिलें आहे, आणि गरजू मनुष्य तें पहिल्याच दिवशीं वापरून टाकतो. शिवाय लेख वाचकास आवडावा हें येथें दुसरें. आधीं तो शोधयंत्राच्या नजरेस पडला पाहिजे. त्यासाठीं ठराविक शब्द ठराविक वेळां घालावे लागतात. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या सभासदांस निदान चेहरे होते. त्यांच्यावर फुल्यांस कोरडे ओढतां आले. या नव्या कमिटीस उत्तर लिहावयाचें तर पत्ता कोणता घालावा?

२०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी प्रसिद्ध झाल्यापासून या मजुरीची तळची पायरीच हालूं लागली आहे. चार ठिकाणची माहिती जुळवून पांचवा लेख तयार करणें हें काम यंत्र निमिषांत करितें, आणि तें शिकलें आहे तें माणसांनीं इंटरनेटवर लिहून ठेविलेल्या मजकुरावरून. त्या मजकुरांत विकिपीडियाचाही मोठा भाग आहे. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालूं आहे, आणि तो लिहिणारांनीं आपल्या लेखांबद्दल कधीं पै मागितली नाहीं. यंत्रास जें अद्याप साधत नाहीं तें एवढेंच कीं, त्यास नवेगांवबांधास जाऊन उभें राहतां येत नाहीं. मंडईंत कोणतें नाटक पडलें व कां पडलें, धानाच्या खरेदीवर कोणाचें माप खोटें निघालें, तलावावर यंदा कोणते पाहुणे पक्षी उशिरा आले, हें तेथल्यानेंच लिहिलें पाहिजे. मात्र अशा लेखास लागणारा वेळ कोण विकत घेईल, हा प्रश्न जिथल्या तिथेंच राहतो.

त्या विद्यार्थ्यास फाट्यावर यांतलें फारच थोडें सांगतां आलें. केतकरांचा ज्ञानकोश आतां फोनवर फुकट वाचावयास मिळतो, एवढें सांगण्यास मात्र सवड झाली. त्यानें तेथल्या तेथें 'भंडारा' हा शब्द काढला. गोंदिया हा निराळा जिल्हा १९९९ सालीं झाला, तोंपर्यंत हा सारा भाग भंडाऱ्यांतच मोडे. उन्हाकडे पाठ करून, फोनवर हाताची सावली धरून त्यानें बराच वेळ वाचलें. मग मान वर करून विचारलें, "हे लिहिणाऱ्याला तेव्हां किती मिळाले असतील जी?" तेवढ्यांत गोंदियाची गाडी आली.